फी भरून झाल्यावर खरा खर्च सुरू होतो

प्रश्न एका छोट्या विश्वस्त संस्थेचा आहे. त्यांच्या वस्तीत विड्या वळणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका, यंत्रमाग कामगार, सुरक्षारक्षक असे तिशी-चाळिशीतले बरेच जण आहेत आणि त्यांना पदवीपर्यंत शिकायचं आहे. संस्थेकडे साधारण दोन लाखांचा निधी आहे. त्यातून पन्नास जणांची फी भरावी, असं विश्वस्तांच्या मनात आहे. हे बरोबर आहे का, आणि आणखी काय करता येईल, असं विचारलंय. मी सोलापुरात मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर आधी समंत्रक, म्हणजे वर्ग घेऊन मार्गदर्शन करणारी, आणि पुढे केंद्र संयोजक म्हणून बरीच वर्षं काम केलं. उत्तर जरा लांबेल, कारण या सगळ्या प्रकरणात फी हा सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी हिशेब मांडू. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, बी.ए., बी.कॉम.ची वर्षाची फी काही हजारांत बसते. आता परीक्षेकडे बघा. एका सत्राला पाच पेपर धरले तर वर्षाला दहा दिवस होतात. पेपर दोन-तीन तासांचाच असतो, पण केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं आणि पेपर दुपारचा असला तरी कामाचा अख्खा दिवस जातो. दिवसाची मजुरी ५०० रुपये धरली तर दहा दिवसांचे ५,००० बुडाले. म्हणजे तुम्ही जेवढी फी भरणार, तेवढा किंवा त्याहून जास्त खर्च शिकणारा माणूस स्वतःच्या खिशातून करतो, आणि तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही. यंत्रमागावरचा कामगार आठवडाभर आला नाही तर त्याच्या मागावर बदली माणूस उभा राहतो. विडीवालीला घरूनच काम असतं म्हणून तिला सवड आहे असं लोकांना वाटतं. पण पान रात्री भिजत घालायचं, सकाळी कापायचं, हजार विड्या वळून वेळेत कारखान्यात पोचवायच्या, हे चक्र एक दिवस चुकलं की त्या दिवसाची मजुरी गेली.

माझ्या पाहण्यात प्रवेश घेऊन सोडून देणारे बहुतेक जण पहिल्या परीक्षेच्या आसपास गळतात. फी भरलेली असते, पुस्तकं घरात असतात, हॉल तिकीटही आलेलं असतं. पेपराला मात्र येत नाहीत. विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, सुट्टी नाही मिळाली." यातली अर्धी कारणं सुट्टीची असतात, अर्धी भीतीची. भीतीकडे नंतर येते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: पन्नास जणांऐवजी वीस जण घ्या. समजा माणशी फी ४,००० आहे, तर ८०,००० फीला गेले. परीक्षेच्या दहा दिवसांसाठी माणशी दिवसाला ४०० प्रमाणे बुडीत मजुरीची भरपाई द्या, ते झाले ८०,०००. उरलेल्या ४०,००० पैकी ३०,००० वर्षभर अर्धवेळ काम करणाऱ्या एका माणसाच्या मानधनाला ठेवा, आणि १०,००० झेरॉक्स, फोटो, रिक्षा, छापील प्रश्नपत्रिका यांना. विश्वस्तांना पन्नासाचा आकडा अहवालात छान दिसतो, हे मला कळतं. पण पन्नासांतले तिसऱ्या वर्षाला किती उरले, हे अहवालात कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर उत्तर द्यायला अवघड जाईल.

भरपाई पेपरच्या दिवशीच द्या, सत्राच्या शेवटी एकरकमी नको. हॉल तिकिटावर पर्यवेक्षकाची सही दिसली की त्याच संध्याकाळी पैसे हातात. ज्याच्या घरी रोजच्या रोज पीठ-मीठ येतं, त्याला महिन्याने मिळणाऱ्या पैशाचा उपयोग नसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "शिकणाऱ्याने थोडे तरी पैसे भरले पाहिजेत, फुकटाची किंमत राहत नाही." हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये ऐकलंय की आता ऐकू आलं तरी कान मिटून घेते. दिवसभर उभं राहून रात्री पुस्तक उघडणाऱ्या बाईने तिच्या वाटणीचं आधीच भरलेलं असतं.

आता प्रवेशाची पात्रता. तुमच्या यादीतल्या निम्म्या लोकांची बारावी झालेली नसेल, काहींची दहावीही नसेल. पूर्वी मुक्त विद्यापीठात पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट होती. बारावी न झालेला प्रौढ ती परीक्षा देऊन थेट पदवीला येऊ शके, आणि त्या वाटेने अनेक जण खरोखर शिकले. पण अशा पदवीचं पुढे नोकरीत काय होतं, हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. २००९ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, १९८५ चे किमान पात्रतेचे नियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक आहेत. तो खटला पायाभूत पदवी नसताना घेतलेल्या एम.ए.चा होता, पण त्याची धास्ती खालपर्यंत पोचली. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला पदवी नोकरीसाठी किंवा बढतीसाठी हवी आहे, त्याने आधी बारावी करावी. दोन वर्षं जास्त जातील, पण पुढे कागद तपासणाऱ्या कारकुनासमोर मान खाली घालावी लागणार नाही.

बारावीला वाटा दोन-तीन आहेत. राज्य मंडळाची १७ नंबरच्या फॉर्मची वाट सगळ्यांना ठाऊक असते. तिथे खासगीरीत्या बसता येतं, कला आणि वाणिज्य शाखेला हे सोपं पडतं, आणि प्रमाणपत्र ओळखीचं असल्यामुळे कुणी प्रश्न विचारत नाही. अडचण अशी, की परीक्षा मंडळाच्या वेळापत्रकाप्रमाणे सगळे पेपर एका दमात द्यावे लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, प्रौढांना जास्त मानवते. विषय पाच, पूर्ण करायला पाच वर्षांची मुदत, आणि एकेक-दोनदोन विषय करत पुढे जाता येतं. दहावीला गणित घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि गणितात अडकून शाळा सुटलेल्यांसाठी ही एक सोय फार मोठी आहे. दहावी मराठी माध्यमातून करता येते, तेलुगूतूनही. आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरांतल्या बायकांना तेलुगू पुस्तक हातात आल्यावर जो आधार वाटला, तो मराठी पुस्तकाने वाटला नसता. बारावीला मात्र कुठल्या विषयाचं साहित्य कुठल्या माध्यमात मिळतं, हे नोंदणीआधी नीट बघा. ज्यांचे मंडळाच्या परीक्षेत एक-दोन विषय राहिले आहेत, त्यांनी आधीच्या उत्तीर्ण विषयांचे गुण एनआयओएसकडे वळवता येतात का, ते विचारावं. दोन विषयांपर्यंत ते होतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. पाचवी-आठवीच्या पातळीवर थांबलेल्यांना ते जवळचं पडेल.

पात्रता झाली की कागद. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि संस्थांना याची अजिबात कल्पना नसते.

लग्न झालेल्या बाईचे कागद दोन नावांचे असतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला माहेरच्या नावाने. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक सासरच्या. काहींचं सासरी नावही बदललेलं असतं, म्हणजे दाखल्यावर एक बाई आणि आधारवर दुसरीच. पूर्वी फॉर्म हाताने भरायचो तेव्हा विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून काम भागायचं. आता मुक्त आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना प्रवेश घेताना यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी काढावा लागतो, तो श्रेयांक पेढीच्या, म्हणजे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेच्या, खात्याशी जोडलेला असतो, आणि खातं आधारवरून निघतं. एका अक्षराचा फरक असला तरी संगणक अडतो. त्यात ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर नवऱ्याचा, नवरा कारखान्यात, आणि फोन लॉकरमध्ये. किंवा नंबर चार वर्षांपूर्वी बंद झालेल्या सिमचा.

माझा अनुभव असा, की पदवीचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावरचंच ठेवावं. नावाची साखळी तिथून सुरू होते आणि पुढचा प्रत्येक कागद तिथेच जोडून पाहिला जातो. सासरचं नाव लागणारच असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची जाहिरात हे दोन्ही हातात असू द्या. घाईघाईने आधारवरचं नाव बदलायला कुणाला पाठवू नका, कारण मग बँक, रेशन आणि लाडकी बहीण, तिन्हीकडे नव्याने गोंधळ सुरू होतो. आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घेणं मात्र सगळ्यात आधी करा, आणि तो शक्यतो शिकणारीचा स्वतःचा असावा.

शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला असतो. शाळा बंद पडलेली असते किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झालेली असते. द्वितीय प्रत मिळते, पण मुख्याध्यापकांना जुनं रजिस्टर शोधायला वेळ हवा असतो आणि कामगाराला त्यासाठी तीनदा सुट्टी घ्यावी लागते. इथे तुमचा तो अर्धवेळ माणूस कामी येतो. तो शाळेत जाऊन बसेल, आणि शिकणारा फक्त सहीला जाईल. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्रही लागतं. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी तहसील कचेरीच्या दारात ५०० चा मुद्रांक विकत घ्यायला लावणारे भेटतातच. अशा वेळी तुमच्या माणसाच्या हातात शासनाच्या आदेशाची प्रत असली की वाद लवकर मिटतो.

हा अर्धवेळ माणूस कोण असावा? उच्चशिक्षित नको. वस्तीतलाच, किंवा निदान त्याच बोलीत बोलणारा, आणि स्वतः मुक्त विद्यापीठातून पदवीधर झालेला असेल तर सोन्याहून पिवळं. त्याला फॉर्म कुठे अडतो हे माहीत असतं. कुणाचा अहंकार कुठे दुखतो, हेही कळतं. आमच्या केंद्रावर सगळ्यात उपयोगी माणूस एक माजी विद्यार्थी होता. दिवसा पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचा, त्यामुळे त्याला प्रत्येक घर आणि प्रत्येक घराची वेळ पाठ होती.

वेळ हा विषय मी मुद्दाम वेगळा काढतेय. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी वर्ग सुरू केला, तो रात्रीचा. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग सकाळी भरवले, म्हणजे मुलांना दिवसा नोकरी करता यावी. या लोकांनी पहिल्यांदा घड्याळ बदललं. आज सगळीकडे 'रविवारी सकाळी दहा ते एक' अशी संपर्कसत्रं, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचे वर्ग, ठेवली जातात, कारण ते शिकवणाऱ्यांच्या सोयीचं असतं. रविवार हा धुणीभांडी करणारीच्या कामाचा सगळ्यात मोठा दिवस असतो, कारण मालकांच्या घरी पाहुणे असतात. सुरक्षारक्षकाला साप्ताहिक सुट्टी असेलच असं नाही, असली तर ती मंगळवारी किंवा बुधवारी येते.

तुमच्या वीस जणांना एकत्र बसवून प्रत्येकाची मोकळी वेळ कागदावर लिहून घ्या. घरकाम करणाऱ्या बायकांना साधारण दुपारी अडीच ते साडेचार मोकळे सापडतात. नळाला पाणी यायची वेळ मात्र त्यांनाच विचारा. आमच्या सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी वर्ग ठेवला तर शिक्षक एकटाच बसतो. वर्गाची जागा वस्तीतच हवी: समाजमंदिर, बुद्धविहार, अंगणवाडीची खोली दुपारनंतर. अंगणवाडीत वर्ग ठेवला की मुलं कुठे ठेवायची हा प्रश्नही सुटतो, आणि सेविकाच कित्येकदा विद्यार्थिनी म्हणून बसते. तिलाही मुख्य सेविका व्हायचं असतं आणि त्याला पदवी लागते.

आता त्या भीतीबद्दल. वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला विषय अवघड जात नाही, वाचणं अवघड जातं. दोन पानं झाली की डोळे भरून येतात, मागचं आठवत नाही, आणि माणूस मनात ठरवून टाकतो की आपल्याला डोकं नाही. लिहिण्याचं तर विचारूच नका. ज्या हाताने वर्षानुवर्षं सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तो हात तीन तास पेन धरू शकत नाही, अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं. येत असलेलं उत्तरही अर्धंच लिहून होतं. मी पहिल्या तीन महिन्यांत कुणालाही अभ्यासक्रमाचं पुस्तक उघडायला लावत नसे. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची आणि एक पान हाताने लिहायचं. काय लिहायचं? काहीही. आज बाजारात काय भाव होता, सासूशी काय वाद झाला, कारखान्यात किती विड्या नापास केल्या. कित्येक बायकांनी या पानांत जे लिहिलं ते वाचून मी चाट पडलेय. तीन महिन्यांनी पान पंधरा मिनिटांत भरायला लागलं की मग पुस्तक. आणि पहिल्या खऱ्या परीक्षेआधी एकदा तरी पूर्ण तासांची खोटी परीक्षा घ्या: बाकावर बसवून, घड्याळ लावून, मोबाइल बाहेर ठेवून, हॉल तिकिटाचा क्रमांक उत्तरपत्रिकेवर कुठे लिहायचा यासकट. अनोळखी इमारत आणि अनोळखी बाक यांचीच अर्धी धास्ती असते.

स्वाध्याय, म्हणजे घरून लिहून द्यायचं काम, याकडे दुर्लक्ष करू नका. इग्नूत बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना ३० टक्के वजन असतं, आणि ते दिल्याशिवाय सत्रान्त परीक्षेचा मार्ग मोकळा होत नाही. बाजारात तयार लिहिलेले स्वाध्याय मिळतात, फोनवर पीडीएफही येते. तुमच्या माणसाला सांगा, स्वाध्याय वर्गातच बसून लिहून घ्यायचे. गुण तर पदरात पडतातच, आणि लिहिण्याचा सरावही होतो.

पुस्तकांच्या बाबतीत मी थोडी जुन्या वळणाची आहे. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ सुरू झालं, प्राचार्य राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतलं आणि घरी बसून, शिक्षकाशिवाय वाचता येतील अशी मराठी पुस्तकं लिहून घेतली. छोटे घटक, मध्येच स्वतःला तपासायला प्रश्न, शेवटी उत्तरं. विडी वळताना समोर उघडं ठेवता येतं असं ते पुस्तक. फोनवरची पीडीएफ तशी समोर ठेवता येत नाही, पडदा विझतो, आणि फोन घरात एकच असेल तर तो संध्याकाळी मुलांकडे जातो. विद्यापीठाकडून छापील साहित्य मिळत असेल तर तेच घ्या. फक्त डिजिटल मिळत असेल तर तुमच्या निधीतून छापून, बांधून द्या. केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन पोर्टलवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत आणि त्यांचे श्रेयांक पदवीत धरताही येतात, पण मराठीत तिथे फार थोडं आहे. कामगार वर्गासाठी मी तरी ती वाट आज सुचवणार नाही.

सरकारी योजनांचं काय, हा प्रश्न येणारच. इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: योजना कामगाराच्या मुलाला विद्यार्थी मानतात, कामगाराला नाही. केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांसाठी शिष्यवृत्ती आहे, ती त्यांच्या मुलांना. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये मिळतात, ते नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना किंवा पुरुष कामगाराच्या पत्नीला. म्हणजे गवंड्याची बायको शिकली तर मदत आहे, पण स्वतः विटा वाहणारी बाई शिकली तर त्या योजनेत तिला जागा नाही. २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, तीही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची. मुक्त विद्यापीठात बी.ए. करणाऱ्या पस्तीस वर्षांच्या बाईपर्यंत ती पोचत नाही. तरीही दोन ठिकाणी हात घालून बघा. तुमच्या यादीत बांधकाम कामगारांच्या बायका असतील, तर मंडळाच्या कार्यालयात जाऊन मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशावर अर्ज चालतो का, ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना इग्नूत काही अभ्यासक्रमांची फी माफ होते, त्याचा अर्ज प्रवेशाच्या वेळीच भरायचा असतो, मागून होत नाही. या दोन्हींतून वाचलेला पैसा परीक्षेच्या भरपाईकडे वळवता येईल.

दलालांपासून सावध राहा. वस्तीत 'एका वर्षात पदवी' असं पत्रक वाटणारा कुणीतरी असतोच. तपासायचं इतकंच: ज्या विद्यापीठाचं नाव तो सांगतो, त्याच्या त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता यादीत आहे का. परराज्यातल्या राज्य विद्यापीठाचं 'केंद्र' तुमच्या गल्लीत उघडलेलं दिसलं तर तिथेच थांबा. राज्य विद्यापीठांना आपल्या राज्याबाहेर अशी केंद्रं चालवता येत नाहीत, आणि फ्रँचायझी देणं नियमात बसतच नाही. नर्सिंग, अभियांत्रिकी, विधी या पदव्या दूरस्थ पद्धतीने मिळतात असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. याला सगळ्यात जास्त बळी पडतात त्या खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मुली.

कुठली पदवी घ्यायची, हे प्रत्येकाशी एकेकटं बसून ठरवा. 'पदवी कशाला हवी?' असं विचारल्यावर उत्तरं अगदी वेगवेगळी येतात. अठ्ठावीस वर्षांच्या सुरक्षारक्षकाला स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात, त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तर त्याने झेपेल ती घ्यावी. पण चाळिशीतल्या माणसाला खरं सांगायला हवं, की राज्य सेवेत सर्वसाधारण उमेदवाराला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. पदवी होईपर्यंत तो ती ओलांडणार असेल तर सरकारी नोकरीचं गाजर दाखवणं हा अन्याय आहे. त्याला दुकानाचे हिशेब स्वतः बघायचे असतील तर बी.कॉम. उपयोगी पडेल. एखादीला फक्त शिकायचं राहून गेलं म्हणून शिकायचं असतं, तिला मराठी किंवा इतिहास घेऊ द्या. तिच्या कारणाला कमी लेखू नका, अशा बायका शेवटपर्यंत टिकतात.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येतं. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला बाजारात अजून तरी कुणी विचारत नाही, त्यामुळे ते फार वाजवून सांगू नका. पण त्याच व्यवस्थेतली श्रेयांक पेढी प्रौढांसाठी खरोखर कामाची आहे. एकदा मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात. बाळंतपण, बदली, सासऱ्यांचं आजारपण, कारखाना बंद पडणं, यातलं काहीही झालं तरी केलेलं पाण्यात जात नाही. पूर्वी असा खंड पडला की माणूस पहिल्यापासून सुरू करायला तयार होत नसे. म्हणून कुणी मध्येच सोडलं तर त्याचं नाव यादीतून खोडू नका. वर्षभराने तुमचा माणूस पुन्हा त्याच्या दारात जाऊ द्या.

घरच्यांशी बोलण्याचं कामही तुम्हालाच करावं लागेल. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना नवऱ्यापेक्षा सासूची परवानगी जास्त लागायची, कारण त्या दोन तासांत स्वयंपाक आणि मूल सासूकडे जायचं. सासूबाईंना केंद्रावर चहाला बोलवा, वर्ग कुठे आहे, कोण शिकवतं, बाकी कोण कोण बाया येतात ते त्यांना बघू द्या. पुरुषांच्या बाबतीत मालकाशी बोला. परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी संस्थेच्या कागदावर पत्र लिहून मागमालकाला आणि सुरक्षा एजन्सीला द्या, तारखा नीट लिहून. शिक्का मारलेलं पत्र पाहिलं की बरेच मालक सुट्टी देतात, निदान शिफ्ट तरी बदलून देतात. कामगाराने स्वतः तोंडी मागितली असती तर दिली नसती.

प्रवेश साधारण जुलैच्या सुमारास सुरू होतात, मुदत मात्र दर वर्षी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत बघून घ्या. तुमच्याकडे वेळ थोडा आहे. या महिन्यात फी बाजूला ठेवा, आणि वीस जणांची एक फाइल बनवायला घ्या: दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आधारला जोडलेला नंबर चालू आहे की नाही, विवाह प्रमाणपत्र, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. ज्याचं जे नसेल ते लाल शाईने लिहा आणि तुमच्या माणसाला त्यातल्या सगळ्यात अवघड नावापासून सुरुवात करायला सांगा. ते सहसा परगावच्या, बंद पडलेल्या शाळेतून आलेल्या बाईचं असतं.